कासची फुलं आणि एक कोरी कृतिपत्रिका



पहिलं सत्र संपत आलं की माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. एक केंद्रावरून. संकलित मूल्यमापनाचे गुण भरले का, वर्णनात्मक नोंदी पूर्ण झाल्या का. दुसरे पालकांचे. "मॅडम, दिवाळीच्या सुट्टीत पोरांना कुठं न्यावं? घरात नुसता मोबाईल घेऊन बसतात." पहिल्या मेसेजला उत्तर द्यावंच लागतं. दुसऱ्याला मी बरीच वर्षं "कासला जाऊन या की" असं एका ओळीत उत्तर देऊन मोकळी व्हायचे. मागच्या वर्षी असं काही झालं की आता ते उत्तर मी तेवढ्यावर सोडू शकत नाही. म्हणून हा लेख.

मी सातारा जिल्ह्यात परळी खोऱ्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पट १९. तिसरी आणि चौथी माझ्याकडे. शाळेच्या ओट्यावर उभं राहिलं की समोर सज्जनगड दिसतो, आणि मागे डोंगर सरळ वर चढत जातो. पावसाळ्यात चार महिने हा डोंगर ढगात असतो. भाद्रपद संपतो, अश्विन लागतो आणि एक दिवस सकाळी शाळा उघडायला जावं तर सगळं लख्ख धुतलेलं. आकाश निळं, भात पोटरीत आलेलं, बांधावर पिवळी फुलं. पुस्तकात आपण 'शरद ऋतू : अश्विन-कार्तिक' असं पाठ करून घेतो ना, तो हा. मुलांना मात्र 'शरद' म्हटलं की कुणाच्या तरी काकांचं नाव वाटतं. ऑक्टोबर हीट हा शब्द सगळ्यांना माहीत असतो.

खरं म्हणजे मुलांना घेऊन बाहेर पडायला आपल्याकडे याच्याइतका चांगला काळ नाही. चिखल वाळलेला असतो, ओढ्याला पाणी असतं, ऊन दहानंतरच चटकायला लागतं. सणही असे की एकही सण घरात बसून करायचा नाही. हादगा अंगणात, सीमोल्लंघन गावाबाहेर, कोजागरी गच्चीवर, किल्ला दारात.

पण मी सुरुवात कासपासून करते, कारण चूक तिथे झाली.

कास पठार साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात महाराष्ट्रातल्या कोयना, चांदोली, राधानगरी यांच्याबरोबर कासही आहे. साडेआठशेहून जास्त प्रकारच्या सपुष्प वनस्पती तिथे नोंदल्या गेल्यात. आपल्या जिल्ह्यात एवढं मोठं काही आहे आणि आपल्या मुलांनी ते पाहिलेलं नाही, याची मला रुखरुख होती. परवानगी काढली, ऑनलाइन बुकिंग केलं, दोन वडाप ठरवले आणि सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही निघालो.

मी तयारी अगदी दृष्ट लागावी अशी केली होती. कृतिपत्रिका! एका बाजूला दहा फुलांची चित्रं, खाली नावं: तेरडा, सोनकी, गेंद, कावळा, सीतेची आसवं, दवबिंदू, चवर... फूल दिसलं की बरोबरची खूण करायची, रंग लिहायचा, पाकळ्या मोजायच्या. रात्री अकरापर्यंत बसून बनवली आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली. भरपूर अंगठे आले.

रविवार असल्यामुळे गाड्यांची रांग लागलेली. आमचा पाऊण तास गाडीतच गेला, दोघांना उलटी झाली. आत गेल्यावर ठरलेल्या वाटेवरूनच चालायचं (ते बरोबरच आहे, नाहीतर फुलं उरणारच नाहीत), मागून माणसं येतायत, पुढे फोटो काढणारे थांबलेत, आणि मी मधे ओरडतेय, "सोनकी दिसली का? खूण करा!" मुलांनी खुणा केल्या. एकमेकांचं बघून केल्या, हे मला नंतर कळलं. तिघांनी टोपली कारवीवरही खूण केली होती. ती सात वर्षांनी एकदा फुलते आणि ते वर्ष तिचं नव्हतं. ते चित्र मी मुद्दाम फसवायला टाकलं होतं. शिक्षकाची खोड!

एक कृतिपत्रिका पूर्ण कोरी आली.

त्या मुलाचं नाव इथे लिहीत नाही. चौथीत होता. गावाच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे, पाच-सहा घरं, तिथला. रोज खाली उतरून यायला त्याला पाऊण तास लागायचा आणि परत चढायला तासभर. वाचन अडखळत, लेखन त्याहून कमी. वर्गात कधी त्रास नाही, पण कधी हातही वर नाही. माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे मी आधीच लिहून ठेवलं होतं, 'उपक्रमात सहभाग घेत नाही. प्रोत्साहनाची गरज.' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अशी वाक्यं लिहिली असतील. ती आपल्याला पाठच असतात.

मी दमलेले होते. त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "एवढ्या लांब आणलं, पैसे भरले, तू काहीच बघितलं नाहीस?" तो खाली बघत राहिला. परतीच्या वाटेवर त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, "मॅडम, त्यो म्हणतोय, ही समदी फुलं त्यांच्या वरच्या माळावर बी हायती. मग हितं कशापायी आलो?"

मला हसू आलं. खरं सांगते, विश्वास बसला नाही. जागतिक वारसा आणि आमच्या गावाचा माळ!

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा होती. सहकारी सरांनी पहिली-दुसरी सांभाळली आणि मी माझी मुलं घेऊन वर निघाले. माझा मुलगा दुसरीत आहे, साताऱ्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. त्याला शनिवारी सुट्टी असते, म्हणून त्यालाही बरोबर घेतलं. साडेसातला निघालो. पायात बूट, अंगभर कपडे, प्रत्येकाकडे पाण्याची बाटली, पुढे एक मोठं माणूस आणि मागे एक. (मागे शाळा व्यवस्थापन समितीतल्या एक ताई आल्या. पालकहो, गवतात शिरण्याआधी काठी आपटत चला, साप वाट देतो.) या वेळी कृतिपत्रिका नव्हती. पुढे तो होता.

वाटेत तेरडा सरत आला होता. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण मी तिसरीला शिकवली होती, मुलांना ती तिथे आठवली. एकाने तेरड्याचं पिकलेलं बोंड चिमटीत धरलं आणि ते फट्कन फुटून बिया उडाल्या. मग काय, दहा मिनिटं प्रत्येकाला एकेक बोंड फोडायचंच होतं. बीजप्रसाराचा धडा मी दर वर्षी फळ्यावर घेते.

वर पोचल्यावर सपाट कातळ लागला. तांबूस-काळा, मधे मधे उथळ खोलगटे, त्यात जेमतेम बोटभर माती. अशा जागी झाड मूळ धरू शकत नाही. पावसाळ्यात पाणी साचतं आणि पाऊस गेला की महिन्याभरात सगळं तापून कोरडं. म्हणून इथल्या इवल्या झाडांना उगवणं, फुलणं, बी धरणं हे सगळं दोन-तीन महिन्यांत उरकावं लागतं. कासच्या पठारावरही हेच गणित आहे. फुलांचे गालिचे दिसतात ते एवढ्याचसाठी की सगळ्यांना एकदमच घाई असते.

तो एका ओलसर खाचेपाशी थांबला आणि हात आडवा करून सगळ्यांना थांबवलं. "हितं पाय नका टाकू." वाकून बघितलं तर तांबडी, केसाळ, इटुकली पानं आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चमकता थेंब. दवबिंदू! कासला आम्ही याच्यावर खूण केली होती, पाहिलं कुणीच नव्हतं. मी पाहिलं असेल तर मोबाईलमध्ये.

"ह्येला चिलट चिकाटतं मॅडम. मग ते केस हळूहळू त्येच्यावर वाकत्यात. लई येळ लागतो. म्हशी बसल्या की म्या बघत बसतो."

मी त्याला विचारलं, "हे असं का करत असेल रे?" तो म्हणाला, "ह्या मातीत काय न्हाय. खात बी घातलं न्हाय कुणी. मग खानार काय?"

मला डी.एड.ला असताना सांगितलेलं आठवलं, की अशा निकस मातीत नत्र मिळत नाही म्हणून काही वनस्पती कीटकांकडून ते घेतात. ते मी परीक्षेत लिहिलं होतं. हा मुलगा ते कुणी न सांगता, दोन-तीन पावसाळे बघून म्हणत होता. सगळ्या फुलांची नावं त्याला येत नव्हती. पण कुठलं आधी येतं, कुठलं नंतर, कुठल्या खाचेत पाणी शेवटपर्यंत टिकतं, कातळावर पडलेलं पाणी डोंगराच्या कुठल्या बगलेला झरा होऊन बाहेर पडतं, हे सगळं त्याला माहीत होतं. आमच्या गावची नळयोजना ज्या झऱ्यावर आहे तो त्याने वरून बोटाने दाखवला. माझा मुलगा तोंड उघडं टाकून ऐकत होता. लांबवर चाळकेवाडीच्या पवनचक्क्या फिरत होत्या आणि आम्ही शाळेतून आणलेली चुरमुऱ्याची पिशवी फोडून बसलो होतो.

खाली आल्यावर मी नोंदवही काढली. ते वाक्य निळ्या शाईत होतं. खोडलं, आणि काय लिहावं ते बराच वेळ सुचेना. आपल्याकडच्या नमुना नोंदींच्या यादीत त्याच्यासाठी वाक्यच नाही.

तर पालकहो, कासला जरूर जा, पण शक्यतो मधल्या वारी जा, आधी बुकिंग करून जा, फूल तोडू नका, कुंपणापलीकडे मुलाला उभं करून फोटो काढू नका. आणि त्याआधी एकदा तुमच्या गावच्या माळावर, टेकडीवर, कॅनॉलच्या कडेला जाऊन या. मुलाला पुढे चालू द्या. फार प्रश्न विचारू नका. हे मला अजून नीट जमत नाही.

आता बाकीचे सण. सगळं सांगत बसत नाही, जे मुलांबरोबर करून बघितलंय तेवढंच.

सूर्य हस्त नक्षत्रात गेला, म्हणजे सप्टेंबरच्या २७ तारखेच्या आसपास, की आमच्याकडे हादगा बसतो. पुण्याकडे याला भोंडला म्हणतात आणि तो नवरात्रात करतात. विदर्भात भुलाबाई, खानदेशात गुलाबाई. आमच्याकडे सोळा दिवस. मधे हत्तीचं चित्र, भोवती फेर, रोज एक गाणं वाढवायचं आणि शेवटी खिरापत ओळखायची. शाळेत आम्ही शेवटच्या तासाला करतो. पहिल्या वर्षी मुलगे भिंतीला टेकून उभे राहिले होते, "मुलींचं हाय त्ये." मग मी खिरापत ओळखणं मुलग्यांकडे दिलं. डबा हलवून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, प्रश्न विचारायचे, पण फक्त हो-नाही उत्तराचे. गोड आहे का? ओलं आहे का? तळलंय का? दोन दिवसांत मुलगेही फेरात. तर्काने प्रश्न विचारायला शिकवायचं असेल तर याच्याइतका स्वस्त उपक्रम मला माहीत नाही. शेंगदाणे-गूळ चालतो. महागाची खिरापत आणायची नाही असा नियम मात्र घाला, नाहीतर एखादी आई उगाच ओशाळते.

घटस्थापनेला घरोघरी मातीत धान्य पेरतात. तेव्हाच एका वाटीत तेच धान्य पेरून ती खिडकीत उन्हाला ठेवा. नवव्या दिवशी देव्हाऱ्यातल्या अंधारातले कोंब उंच आणि पिवळे, खिडकीतले बुटके आणि हिरवे. मुलं स्वतःच विचारतात.

दसऱ्याचं सोनं हा माझा आवडता विषय, कारण यात मीच पकडले गेले आहे. आपटा आणि कांचन दोघांचीही पानं जोडपानासारखी, मधे खाच असलेली. कांचनाची पानं मोठी असतात, आपट्याची लहान आणि जाडसर. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मुलांना आपटा म्हणून कांचन दाखवला आणि एका आजीबाईंनी शाळेच्या फाटकातून हाक मारून सांगितलं, "बाई, त्यो आपटा न्हवं!" आता आम्ही दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपट्याच्या झाडाला भेट देतो, पान ओरबाडत नाही. प्रत्येक जण एकच पान घेतो, वहीत त्याचा ठसा उमटवतो आणि तेच पान दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला देतो.

कोजागरीला मसाला दूध सगळेच करतात. फक्त पुढचे तीन दिवस चंद्र कुठून आणि किती वाजता उगवतो ते मुलाला कॅलेंडरवर लिहायला सांगा. रोज साधारण पाऊण तास उशीर. चौथ्या दिवशी माझा मुलगा पेंगत गच्चीवर बसला होता, पण चंद्र बघितल्याशिवाय खाली आला नाही.

आणि किल्ला. इथे मी थोडी कबुली देते. शाळेत मी मुलांकडून दर वर्षी किल्ला करून घ्यायचे. चौथीला परिसर अभ्यास भाग दोनमध्ये शिवछत्रपतींचा इतिहासच आहे. पण माझ्या स्वतःच्या घरी, साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहून, आम्ही दोन वर्षं बाजारातून प्लास्टरचा तयार किल्ला आणला. नवरा म्हणायचा, माती कुठून आणू, पार्किंगमध्ये पसारा नको. मीही दमलेली असायचे. गेल्या वर्षी मुलगाच म्हणाला, "आई, त्या दादाच्या डोंगरासारखा किल्ला करू. वरती सपाट आणि बगलेतून पाणी." मग दोन पोती माती, विटा, फुटक्या कुंड्या. उतारावर अळीव पेरला, चार-पाच दिवसांत हिरवागार. पाण्याचं टाकं म्हणून करवंटी पुरली. नवरा पहिल्या दिवशी नुसता बघत होता, दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येताना बुरुजासाठी दगड घेऊन आला आणि तिसऱ्या दिवशी मुलाला म्हणाला, "तू सरक, तट मी करतो." शेजारच्या आजोबांनी येऊन महादरवाजा चुकलाय म्हणून सांगितलं. दरवाजा असा सरळ समोर दिसता कामा नये, बुरुजांच्या आड वळणावर हवा, शत्रूला हत्ती धावत आणून धडक देता येऊ नये म्हणून. मग आम्ही चौघांनी मिळून सगळ्या गडाचं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी हे खरंच असं असतं का बघायला मुलाला घेऊन सज्जनगडावर गेलो.

त्याच दिवाळीत वसुबारसेला मी मुलाला घेऊन धनगरवाड्यावर गेले होते. त्या मुलाच्या घरी म्हशी आहेत आणि एक गाय. वासराच्या कपाळाला कुंकू लावून झालं, पाणी न घालता केलेला चहा झाला. मग मी मुद्द्याचं बोलले. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीची शाळा आणखी खाली, पाच किलोमीटर. त्याच्या वडिलांचं आधीच ठरलेलं होतं, चौथी झाली की म्हशींमागे. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी डोंगरावर मला तुमच्या पोराने शिकवलं. मला माहीत नव्हतं ते त्याला माहीत होतं." ते हसले. "मॅडम, म्हशींमागं फिरून शिकलं न्हवं त्ये? मग फिरू दे की म्हशींमागं!"

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. मी एवढंच म्हटलं, की त्याला जे दिसतं ते लिहिता आलं तर आणखी चार जणांना दिसेल. आई आतून म्हणाली, "जाऊ द्या की त्याला वरीसभर." वडील म्हणाले, "बघू."

त्या दुसऱ्या सत्रात तो रोज एक ओळ लिहून आणायचा. 'आज झरा बारीक झाला.' 'सोनकी वाळली.' 'खालच्या टाक्यात बेडूक न्हाय.' शुद्धलेखन मी तपासलं नाही. जूनमध्ये मी त्याचा दाखला दिला आणि पुढे काय झालं ते मुद्दाम विचारलं नाही. विचारायची भीती वाटली म्हणा.

परवा हादग्याची खिरापत वाटत होते तर तो शाळेच्या फाटकाशी उभा. उंच झालाय. माझ्या मुलासाठी रानातल्या बोरांची पुडी आणली होती, अजून हिरवीच.

"मॅडम, यंदा वर कवा जायाचं?"

मी म्हटलं, "येत्या शनिवारी. तू येशील ना पुढे?"

"शनवारी न्हाय जमायचं मॅडम," तो म्हणाला, "शनवारी शाळा असती माझी. रविवारी या."